ईराला कुणी न्यायचं

२७ जानेवारी २००८, रविवार. शिकागो
पुन्हा बर्फ. ईराचा कान पुन्हा वाहतोय. डेकेअरमधून दर पंधरवड्याला काहीतरी घेऊन येते पोर. मुक्ता लॅबमधून पळत आली, तिथे साहेबाचं तोंड वाकडं. जावई निखिल सोमवार ते गुरुवार दुसऱ्या गावी, क्लायंटकडे.

तर आज ठरलं. म्हणजे अर्धं ठरलं. आम्ही दोघी आज्या मार्चअखेर परत जाऊ तेव्हा ईरा एकीबरोबर भारतात जाणार, एक वर्षासाठी. इथे पुष्कळ जण असं करतात म्हणे. प्रश्न एवढाच की कुणाबरोबर. पुण्याला सुधाताईंकडे की नागपूरला माझ्याकडे.

निखिल म्हणाले, "आई, तुम्ही दोघी मिळून ठरवा." या घरात 'आई' म्हटलं की दोन माना वर होतात. सुधाताई म्हणाल्या, "नलिनीताई म्हणतील तसं." मी म्हटलं, "छे हो, तुम्ही म्हणाल तसं. मुलाकडच्या तुम्ही, मान तुमचा." मग चहा झाला आणि विषय संपला.

मला ईरा हवी आहे. इथे लिहून टाकते, तोंडाने म्हणायची सोय नाही. मुलीच्या आईने मागायचं नसतं. सुधाताईंनी एकदा "तुम्हीच न्या" म्हटलं की उडी मारून हो म्हणेन. पण त्या म्हणत नाहीत. बँकेत ऑफिसर होत्या, सही केल्याशिवाय काही सोडणार नाहीत.

२ फेब्रुवारी, शनिवार
डेव्हन ॲव्हेन्यूला खरेदी. गाडी लावायला जागा मिळेना, निखिलनी तीन चकरा मारल्या आणि शेवटी आम्हाला मिठाईच्या दुकानासमोर उतरवून दिलं. पुढच्या आठवड्यात बोटीवर जायचंय, क्रूझ. जावयांची हौस. "दोन्ही आया एकत्र आहेत, परत असा योग यायचा नाही." म्हणजे मार्चच्या आधी ईराबरोबर सगळ्यांचे फोटो काढून घ्यायचे आहेत. तसं कुणी म्हणालं नाही.

घेतलं: खाकरे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची छोटी बाटली, फोनचं कार्ड. सुधाताईंनी स्वतंत्र पिशवीत काहीतरी घेतलं, दाखवलं नाही. पुणेरी गुपित.

ह्यांना फोन. डबा लावलाय तो तिखट असतो म्हणाले. मी नाही तर बरी तक्रार सुचते. "ईराचं काय ठरलं?" विचारलं. म्हटलं, बघू.

१० फेब्रुवारी, रविवार. बोटीवर
फ्लोरिडातून निघालो. बोट कसली, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली एखादी कॉलनी उचलून पाण्यात ठेवलीय. मुलांची केबिन वेगळी. आम्ही दोघी विहिणी एका खोलीत, खिडकी नसलेल्या.

पलंग कुणी कुठला घ्यायचा यावरच अर्धा तास. "तुम्ही आतला घ्या." "छे, तुम्ही घ्या, दाराचा वारा लागेल." वारा येणार कुठून, खिडकीच नाही. आंघोळीचंही तेच. "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही". शेवटी दोघींना जेवायला उशीर.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
दिवसभर फक्त पाणी. मळमळतंय. आवळासुपारी तोंडात धरून पडून आहे. झाडलोट करणारा पोऱ्या रोज टॉवेलचा काहीतरी प्राणी करून ठेवतो, आज हत्ती. सुधाताई तो मोडू देत नाहीत. चेहरा पुसायला टॉवेल नाही आणि हत्ती खुर्चीत बसलाय.

न्हाणीघरात एक काळा पोहण्याचा पोशाख वाळत घातलेला. मुक्ताचा असेल. स्वतःच्या केबिनमध्ये जागा नाही का यांना.

ईरा मजेत. गेल्या आठवड्यात चालायला लागली आणि आता जमीनच हलतेय, तरी ती पडत नाही. आम्ही पडतो. जेवणघरातला गोव्याचा वाढपी तिच्यासाठी मऊ भात आणून देतो, तो मी भरवते. दोन घास झाले की सुधाताईंकडे वाटी सरकवायची. त्या एक घास भरवतात आणि वाटी परत माझ्याकडे. मान देतात मला. तो मान मला नकोय, पण वाटी मी घेते.

मुक्ता बघत असते आमच्याकडे.

१३ फेब्रुवारी, बुधवार. कुरासाव
आज उतरलो. सगळं लिहायला हवं, क्रमाने लिहिते.

बेट असं रंगीत की विचारू नका. धक्क्यावरून दिसणारी घरांची रांग पिवळी, गुलाबी, निळी, हिरवी, परत पिवळी. इतवारीतल्या दुकानदाराने गिऱ्हाईक पक्कं आहे असं समजून साड्या उलगडाव्यात तसं. निखिलनी गाइडबरोबर फिरायची सहल घेतली होती. गाइड म्हणजे एक जाडजूड बाई, मोठी टोपी. तिने सांगितलं, फार पूर्वी इथली घरं पांढरी होती. उन्हात ती बघून गव्हर्नरचं डोकं दुखायचं, म्हणून त्याने हुकूम काढला की पांढरा सोडून कुठलाही रंग द्या. सुधाताई मला म्हणाल्या, "माझं आता दुखायला लागलंय." पहिल्यांदाच आम्ही दोघी एकदम हसलो.

बोट लागते एका तीरावर, बाजार दुसऱ्या तीरावर. मध्ये खाडी आणि खाडीवर लाकडी पूल, पण खांब नाहीत. होड्यांवर तरंगणारा पूल आहे. जहाज आलं की पूल अख्खाच्या अख्खा दारासारखा एका बाजूला फिरतो आणि वाट मोकळी करतो. गाइड सांगत होती तेव्हा मला वाटलं फेकतेय.

पलीकडे होड्यांमधला भाजीबाजार. होडी मागे बांधलेली, पुढे फळकुटावर माल. पपया, केळी, मासळी. आणि भेंडी! हिरवीगार, लुसलुशीत. चार महिन्यांत फ्रोझनशिवाय भेंडी पाहिली नव्हती. मुलं म्हणाली, आम्ही हळूहळू बोटीकडे निघतो, ईरा झोपेला आलीय, तुम्ही या मागून. आम्ही दोघी भेंडीपाशी.

हात आपोआप गेला. एक उचलली, टोक मोडलं. कट्‌कन मोडली, कोवळी. सुधाताईंनी दुसरी मोडली. मग तिसरी. भेंडी अशीच घेतात, जन्मभर घेत आलो. तो होडीवाला उठून आला आणि जो ओरडायला लागला! शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला. मोडलेल्या भेंड्या हातात घेऊन आमच्या नाकासमोर नाचवत होता. सुधाताई, बँकेतल्या ऑफिसर, "सॉरी सॉरी" म्हणत मागे मागे. शेवटी मोडलेल्या आणि न मोडलेल्या अशा सगळ्या घ्याव्या लागल्या, मोठी पिशवीभर. बोटीवर ना चूल ना कढई.

पिशवी घेऊन पुलावर आलो. मध्यावर पोचलो आणि घंटा वाजली. लोक दोन्हीकडे पळायला लागले. आम्ही साठीच्या दोन बायका, पायात नवे बूट, पळणार किती. दोन्ही टोकांची फाटकं बंद आणि पूल सरकायला लागला. खरंच सरकायला लागला! मी "अहो, अहो, अहो" एवढंच म्हणत होते. एका शिपायाने हाताने खूण केली, थांबा, काही होत नाही. आणखी चार-पाच माणसं होती, कठड्याला टेकून आईस्क्रीम खात होती.

सुधाताईंनी माझं मनगट धरलं होतं.

पूल फिरत फिरत आपल्या बोटीच्या तीराला समांतर गेला. आणि समोर काठावर मुक्ता, कडेवर ईरा. इतक्या जवळ की ईराच्या टोपीची नाडी दिसत होती, पण मध्ये पाणी. ईराने आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. कुणाकडे केले, सांगता येणार नाही. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो.

मागून तेलाचं एक भलं मोठं जहाज हळू हळू आत यायला लागलं. ते जाईपर्यंत हलायची सोय नव्हती.

सुधाताईंनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "नलिनीताई, ईराला तुम्ही न्या."

आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "छे छे, असं कसं, तिचं घर पुण्याचं." जीभ हासडून टाकावीशी वाटली मला. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते समोर आलं आणि मी दार लावून घेतलं. सवय.

त्या म्हणाल्या, "पुरे हो आता. इथे कुणी ऐकत नाही. मला नकोय."

मला समजेना. काय नको?

"मला मूल सांभाळायचं नाही. आधी सासूबाई झाल्या, अंथरुणावर होत्या. मग निखिलचे बाबा. दोघांचं सगळं केलं, कुरकुर केली नाही. आता माझी सकाळ माझी आहे. मी पोहायला जाते, माहितीय? बायकांच्या बॅचला. या वयात शिकले. पहिल्यांदा पाण्यावर तरंगले ना, त्या दिवशी घरी येऊन रडले." तो काळा पोशाख यांचा! डेव्हनच्या पिशवीत त्याच्याबरोबरची टोपी होती. मुलाला सांगितलेलं नाही.

"ईरा माझ्या जिवाची आहे. पण आजी असून सांभाळायचं नाही, हे कुणाला सांगू? मुलाला? सुनेला? कोण काय म्हणेल? म्हणून वाट बघत होते, तुम्ही कधी मागताय याची."

मी म्हटलं, "आणि मी वाट बघत होते, तुम्ही कधी देताय याची."

मग हसू फुटलं. इतकं की पिशवी हातातून सुटली आणि भेंड्या पुलावर सांडल्या. आईस्क्रीमवाली माणसं गोळा करायला धावली. काठावरून मुक्ता ओरडत होती, "आई, आर यू ओके?" दोघींनी एकदम हात केला.

पिशवी धक्क्यावरच्या एका बाईला देऊन टाकली. तिला वाटलं आम्ही विकतोय.

बोटीवर आल्या आल्या सुधाताईंनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "ईरा नागपूरला जाईल. माझं आणि नलिनीताईंचं ठरलंय." निखिल म्हणाले, "ग्रेट! बरं झालं, सुटलं एकदाचं." मुक्ता म्हणाली, "हो का? बरं झालं." ईराचं तोंड पुसत होती. पुसलेलंच परत पुसत होती.

मी खूश आहे. लपवून काय करू, फार खूश आहे. मागच्या खोलीत कडीपाटाला पाळण्याची कडी आहे, ईराला आता पाळणा लागणार नाही, झोका बांधता येईल. गच्चीच्या जिन्याला फाटक हवं. बोटीवरच्या महागड्या फोनवरून ह्यांना सांगितलं. म्हणाले, "उद्याच सुताराला बोलावतो. नको, सुतार नको, लोखंडी ग्रिलच करून घेतो."

१४ फेब्रुवारी, गुरुवार
बोटीवर सगळीकडे लाल फुगे, बदाम. प्रेमाचा दिवस. निखिल आणि सुधाताई दुसऱ्या कुठल्या बेटावर उतरले. मी, मुक्ता, ईरा बोटीवरच. ईरा झोपली. मुक्ता डेकवर तिच्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, तिचे गरम कपडे इथेच ठेव, नागपूरला काय करायचे, जाऊ तेव्हा उन्हाळाच.

रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी.

"काय गं?"

"काही नाही. मला वाटलं होतं तुम्ही दोघी कधीच ठरवणार नाही."

मी ईराचं पांघरूण सारखं केलं.

"तुमचं ते चाललं होतं ना, तुम्ही न्या, नाही तुम्ही न्या. मी मनात म्हणायचे, चालू दे, असंच चालू दे. मार्च येईल, तुमची फ्लाइट निघून जाईल आणि ईरा इथेच राहील."

"अगं मग नाही म्हणायचं ना सरळ."

"कसं म्हणू, आई? निखिल म्हणतो, एकच वर्ष आहे. सगळे पाठवतात. त्या शेजारच्या कुलकर्ण्यांनी पाठवला, काही झालं नाही त्याला. मी नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग जॉब सोडतेस का? जॉब सोडला की व्हिसा गेला. इतकी वर्षं शिकले ते काय घरात बसायला? आणि नाही सोडला तर दर पंधरा दिवसांनी ताप, कान, सुट्टी. मला उत्तरच येत नाही गं. म्हणून तुमच्यावर सोडलं होतं."

पाठीवरून हात फिरवला. तिची पाठ किती लहान आहे अजून.

नंतर जेवले नाही. मळमळतंय म्हणून सांगितलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
सुधाताईंना सांगितलं. त्या हत्तीच्या शेजारी बसून ऐकत होत्या (आता हत्ती, हंस आणि एक माकड, तीन टॉवेल अडकलेत). मग म्हणाल्या, "मी सून होते तेव्हा निखिलला माझ्या आईकडे ठेवला होता, बदली झाली म्हणून. परत आणायला गेले तर माझ्याकडे येईना. आईचा पदर धरून उभा." एवढंच. टोपी घातली आणि पोहायला गेल्या. सगळ्यांच्या देखत! निखिलनी वरच्या डेकवरून पाहिलं. तोंड उघडंच राहिलं त्यांचं.

मी मात्र दिवसभर हिशेब लावत बसले. मुक्ताला काय, पहिले आठ दिवस जड जातील, मग सवय होईल. असं स्वतःला सांगून बघितलं. दुपारी पटलं होतं. संध्याकाळी ईरा झोपेतून उठली, मी घ्यायला गेले, तर माझ्या खांद्यावरून मान वाकडी करून मुक्ताला शोधत होती. मग नाही पटलं.

राग येतो. कुणावर, ते कळत नाही. मी काही मागितलं नव्हतं, बसल्या जागी मिळालं होतं.

१६ फेब्रुवारी, शनिवार
रात्रीच्या जेवणाला निखिल म्हणाले, "आई, घरी गेलो की लगेच तुमच्या तिकिटाला ईराचं नाव जोडतो. नागपूर, ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. सुधाताई म्हणाल्या, "अरे, थांब. पहिली नात, आधी पुण्याला नको का यायला? लोक काय म्हणतील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच बाई पुलावर काय म्हणाली होती! मी त्यांच्याकडे बघितलं. त्या शांतपणे पावाला लोणी लावत होत्या. वर बघितलं त्यांनी, एकदाच. पुलावर बघितलं होतं तसं.

मग मला समजलं. असंच चालू दे, मुक्ता म्हणाली होती ना.

मला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. पाण्याचा घोट घेतला. झोका डोळ्यासमोर आला. मग म्हटलं, "बरोबर आहे सुधाताईंचं. मान त्यांचा. पुण्यालाच जाऊ दे."

"छे हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या मनातून नसेल तर मुळीच नको. नागपूरच ठीक."

"माझ्या मनाचं काय, तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, तुम्ही म्हणाल तसं."

निखिलनी कपाळाला हात लावला. "अहो पण परवाच ठरलं होतं ना?" मुक्ता ईराला भात भरवत होती. तिने मान खाली घातली होती, पण घास हातातच थांबला होता. दोघींपैकी कुणाकडेच बघितलं नाही तिने.

२४ फेब्रुवारी, रविवार. शिकागो
घरी. बर्फ तसाच, काळा पडलाय फक्त. ईराला दोन दिवस ताप होता, आज उतरला. मुक्ताचा साहेब बोललाच काहीतरी. म्हणजे जे होतं ते तसंच आहे, आमच्या मानपानाने कुणाचा कान बरा होत नाही. सुधाताई म्हणाल्या, एकीने सहा महिने राहायचं, मग दुसरीने यायचं, असं नाही का करता येणार? पण मग त्यांचं पोहणं, ह्यांचा डबा, आणि व्हिसा दर वेळी देतीलच असं कुठे आहे. मी बघू म्हटलं. त्याही बघू म्हणाल्या.

निखिल चिडलेत. मला सरळ नाही बोलत, त्यांच्या आईला बोलतात. सुधाताई ऐकून घेतात आणि भाजी चिरतात.

२ मार्च, रविवार
आज परत विषय निघाला, परत "तुम्ही", "छे, तुम्ही". आता आम्हाला जमायला लागलंय. सुधाताई तर असा काही चेहरा करतात की मलाही क्षणभर खरं वाटतं. तिकिटाला नाव जोडलेलं नाही.

मला ईरा हवी होती. अजून हवी आहे. आज दुपारी माझ्या मांडीवर झोपली, तासभर हलले नाही, पाय बधिर झाला.

ह्यांचा फोन. जिन्याचं ग्रिल लावून झालं. लोहाराने चांगलं केलंय, फटीतून पोरीचं डोकं जाणार नाही एवढं बारीक. स्वतः बसून करून घेतलं म्हणाले. आता रंग द्यायचाय. घरात पांढऱ्याचा डबा उरलाय, तोच देऊ का?

सांगायला हवं होतं, ईराच्या येण्याचं काही खरं नाही म्हणून. सुधाताई स्वयंपाकघरात होत्या, पोळ्या थांबवून ऐकत होत्या. मुक्ता ईराचे मोजे घडी करत होती.

म्हटलं, "पांढरा नको. उन्हात डोकं दुखतं. पिवळा द्या."

"बरं," म्हणाले. उद्या आणतो म्हणाले.